यंत्राला ‘पासिंग’, चालकाच्या कौशल्याचे काय?

जेसीबी, पोकलेन, क्रेनचालकांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा प्रश्न सातारा-सांगलीत दुर्लक्षितच

सातारा/सांगली - पुणे-बंगळूर महामार्गाचे सहापदरीकरण, खंबाटकी घाटातील नवा बोगदा, टेंभू-ताकारी-म्हैसाळ योजनांचे कालवे, पुणे-मिरज लोहमार्गाचे दुहेरीकरण आणि माण-खटावच्या माळरानावरील बंधारे... गेल्या दोन दशकांत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत झालेल्या बहुतेक प्रत्येक मोठ्या कामाचा पहिला घाव जेसीबी किंवा पोकलेनने घातला आहे. रस्त्यावर धावणाऱ्या अशा यंत्राची परिवहन कार्यालयात नोंदणी होते, कर भरला जातो, विमा उतरविला जातो. मात्र, यंत्राच्या आसनावर बसलेल्या माणसाला बकेट आणि बूम सुरक्षितपणे हाताळता येतो काय, याची परीक्षा या साखळीत सहसा कोणीच घेत नाही. यंत्राचे ‘पासिंग’ होते. चालकाच्या हाताचे होत नाही.

या त्रुटीची किंमत चालकाला तर मोजावी लागतेच. पण यंत्रामागे उभा असलेला हेल्पर, चरात उतरलेला मजूर आणि रस्त्याने जाणारा पादचारी यांनाही ती मोजावी लागते. अवजड यंत्रांवरील सुरक्षा प्रशिक्षणाचा प्रश्न म्हणूनच केवळ बांधकाम व्यवसायापुरता मर्यादित राहत नाही.

शहापूरने दिलेला इशारा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसविणारे अवाढव्य यंत्र कोसळले आणि २० जणांचा मृत्यू झाला. हा अपघात प्रशिक्षणाअभावीच झाला, असे म्हणणे योग्य होणार नाही. उभारणी, देखरेख आणि उपकंत्राटदारांची जबाबदारी असे अनेक प्रश्न त्यात गुंतलेले होते. तथापि, या दुर्घटनेने एक गोष्ट राज्यासमोर आणली. यंत्र जितके मोठे, तितकी ते हाताळणाऱ्यांची जबाबदारी मोठी. आणि ती जबाबदारी कागदावर कोणाची आहे, हे अपघातानंतर शोधून उपयोगाचे नसते.

सरलांबे येथील काम राष्ट्रीय स्तरावर गाजलेल्या प्रकल्पाचे होते. तेथे अभियंते होते, कंत्राटी कंपन्या होत्या, चौकशीही झाली. सातारा-सांगलीतील बहुसंख्य यंत्रे मात्र अशा प्रकल्पांवर नसतात. ती असतात गावच्या ओढ्यात, शेताच्या बांधावर, नळपाणी योजनेच्या चरावर, विहिरीच्या काठावर. तेथे अभियंता नसतो, सुरक्षा अधिकारी नसतो. असतात ते चालक, हेल्पर आणि तास मोजणारा मालक. तेथे झालेल्या अपघाताची बातमी तालुक्याच्या पानावर चार ओळींत येते आणि दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा कामावर जाते.

दुष्काळी माळापासून पूरपट्ट्यापर्यंत

या दोन जिल्ह्यांत यंत्रांची वस्ती का वाढली, हे समजून घेतले पाहिजे. महामार्ग आणि उपसा सिंचन योजना ही त्याची जुनी कारणे. २०१५ पासून राबविलेल्या जलयुक्त शिवार अभियानाने यंत्र गावागावांत पोचविले. पाठोपाठ २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी निवडलेल्या राज्यातील तीन तालुक्यांत कोरेगावचा समावेश होता आणि त्याच तालुक्यातील वेळू गावाने पहिला क्रमांक पटकाविला. श्रमदानाबरोबर यंत्रांचे कामही होते आणि मुदत जेमतेम दीड महिन्याची. साहजिकच, अशा मोहिमांत यंत्र दिवसा आणि रात्रीही चालविण्याकडे कल राहिला. २०१७ च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेने त्यात तलावांतील गाळ काढण्याच्या कामांची भर घातली.

आपत्तीच्या काळात तर यंत्राशिवाय पानही हलत नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील गाळ आणि कचरा उपसण्यासाठी यंत्रेच धावली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा खचलेल्या रस्त्यांतून वाट काढत यंत्र पोचविणे हेच मदतकार्यापुढचे मोठे आव्हान होते. ओल्या, सरकत्या उतारावर ढिगारा उपसणे हे या व्यवसायातील सर्वांत धोक्याचे काम. ते ज्याच्या हाती सोपवायचे, त्या चालकाला मातीचा स्वभाव कळतो की नाही, याची खात्री आधीच झालेली असायला हवी.

कारण इथली माती एकसारखी नाही. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भिजली की चराची भिंत क्षणात आत ढासळते. घाटमाथ्यावरील मुरमाचा उतार वरून टणक दिसतो. पण यंत्राचा भार कडेला आला की तो सुटतो. जत, आटपाडी, माणच्या खडकात विहिरी खोल जातात. तेथे यारीच्या दोरावर लोंबकळणारा गाळाचा डबा खाली काम करणाऱ्यांच्या थेट डोक्यावर असतो. कडेपासून यंत्र किती अंतरावर उभे करावे, उपसलेली माती चराच्या काठापासून किती दूर टाकावी, वरून गेलेल्या विजेच्या तारेपासून बूम किती लांब ठेवावा, हे अनुभवाने कळते खरे. पण अनुभव येईपर्यंतच्या काळात चूक झाली, तर ती दुरुस्त करण्याची संधी मिळेलच असे नाही.

‘क्लीनर’ ते ‘ऑपरेटर’

हा व्यवसाय बहुतेकांनी शिकला, तो यंत्रावर राहूनच. गावातील तरुण प्रथम क्लीनर किंवा हेल्पर म्हणून लागतो. ग्रीसिंग करणे, डिझेल भरणे, काच पुसणे, यंत्र मागे घेताना हाताने इशारा करणे ही त्याची कामे. जेवणाच्या सुटीत चालक त्याला आसनावर बसू देतो. काही महिन्यांत त्याला माती भरता येऊ लागते. एखाद्या दिवशी चालक रजेवर जातो, मालकाला काम थांबविणे परवडत नाही आणि हेल्पर ‘ऑपरेटर’ होतो.

या पद्धतीला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. याच वाटेने तयार झालेले अनेक चालक आज अत्यंत सफाईने काम करतात. तथापि, उस्तादाकडून कौशल्याबरोबर सवयीही येतात. उस्ताद पट्टा बांधत नसेल, तर शिष्यही बांधत नाही. उस्ताद बकेट हवेत ठेवून खाली उतरत असेल, तर शिष्यालाही त्यात वावगे वाटत नाही. जेसीबीचे मागचे जॅक न टेकविता केलेली खोदाई, क्रेनच्या बूमखालून येणे-जाणे, ‘हायड्रा’वर ओझे टांगून मजुराला ते धरून चालायला लावणे, या गोष्टी सुरक्षाशास्त्रात निषिद्ध मानल्या जातात. अनेक ठिकाणी मात्र तीच रोजची कार्यपद्धती आहे.

या पद्धतीत सर्वाधिक धोका पत्करतो तो हेल्पर. यंत्राच्या मागे आणि बाजूला चालकाला न दिसणारा भाग मोठा असतो. नेमका तेथेच तो उभा असतो. पोकलेनचा वरचा भाग स्वतःभोवती पूर्ण फिरतो. त्या फेऱ्याच्या आत माणूस असता कामा नये, हा पहिला धडा. तो चालकाइतकाच हेल्परलाही शिकविला गेला पाहिजे. परंतु हेल्परच्या प्रशिक्षणाचा विचार आजवर जवळपास झालेलाच नाही.

परवाना रस्त्याचा, धोका कामाचा

मोटार वाहन नियमांनुसार रबरी चाकांचा जेसीबी, रोलर किंवा फिरती क्रेन ही ‘बांधकाम उपकरण वाहने’ ठरतात. उत्खनक यंत्रे आणि रोड रोलर ही मोटार वाहनेच आहेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बोस अब्राहम विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात दिला होता. त्यामुळे साताऱ्यात एमएच ११, कऱ्हाडला एमएच ५० आणि सांगलीत एमएच १० अशी पाटी लावून ही यंत्रे रस्त्यावर येतात. साखळीपट्ट्यांवर चालणारा पोकलेन मात्र स्वतःच्या बळावर रस्त्यावर येत नाही. तो ट्रेलरवरून नेला जातो. म्हणून त्याला पाटी नाही आणि तो चालविणाऱ्याकडे परिवहन कार्यालयाच्या परवान्याची विचारणाही सहसा होत नाही.

रस्त्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी परवाना लागतो, हे खरे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १० मध्ये रोड रोलरचा आणि ‘विशिष्ट वर्णनाच्या’ वाहनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. पण या परवान्याची चाचणी कशाची? गिअर बदलणे, वळण घेणे, आरसा पाहणे, मागे घेणे, वाहतुकीची चिन्हे ओळखणे यांची. ज्या नियमात या वाहनांची व्याख्या आहे, त्याच नियमात रस्त्यावरील त्यांचा वापर हा मुख्य कामाच्या अनुषंगाने होणारा आणि अल्पकाळाचा असल्याचे म्हटले आहे. म्हणजे परवाना तपासतो तो यंत्राच्या आयुष्यातील किरकोळ भाग. दिवसाचे आठ-दहा तास ज्या खोदाईत आणि उचलीत जातात, त्यांची परीक्षा होतच नाही.

अपघातानंतर न्यायाधिकरणात वाद रंगतो, तो परवाना कोणत्या प्रकारचा होता आणि वाहनाचे वजन किती होते यावर. विमा कंपनी परवान्यावर बोट ठेवते, मालक विम्याकडे पाहतो आणि मृताचे कुटुंब तारखांना हजर राहते. जॅक टेकविले होते का, चराची भिंत उतरती कापली होती का, हेल्पर कोठे उभा होता, हे प्रश्न त्या कागदपत्रांत दुय्यम ठरतात.

विशेष म्हणजे यंत्राच्या बाबतीत सरकारने कठोर पावले उचलली आहेत. बांधकाम उपकरण वाहनांसाठी ‘एआयएस १६०’ हे सुरक्षा मानक एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२४ अशा दोन टप्प्यांत लागू करण्यात आले. चालकाला दिसणारा परिसर, आसन, चढण्या-उतरण्याची सोय, यंत्र उलटल्यास संरक्षण अशा बाबींचा विचार त्यात आहे. यंत्र अधिक सुरक्षित झाले, हे स्वागतार्हच. परंतु उलटणाऱ्या यंत्रात चालकाला वाचविणारी चौकट, त्याने पट्टा बांधला असेल तरच उपयोगी पडते. पट्टा बांधण्याची सवय कारखान्यातून बसवून मिळत नाही.

कायदा माणसे मोजतो

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेला कायदा आणि त्याखालील १९९८ चे केंद्रीय नियम या बाबतीत पुष्कळ पुढचे होते. उचल यंत्र चालविणारा पुरेसा सक्षम व विश्वासार्ह असावा, त्याला कामातील अंगभूत धोक्यांची माहिती असावी, अशी अपेक्षा त्यात होती. क्रेन आणि वाहतूक यंत्रांच्या चालकांची कामापूर्वी, पुढे वयाच्या चाळिशीपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे बंधनही होते. खाणींसाठी तर १९६६ पासून व्यावसायिक प्रशिक्षणाचे स्वतंत्र नियम आहेत.

अडचण होती ती कायद्याच्या उंबरठ्यावर. १९९६ चा कायदा लागू होण्यासाठी दहा किंवा त्याहून अधिक कामगार असणे आवश्यक होते. लहान दगडखाणींनाही खोली, कामगारसंख्या आणि स्फोटकांचा वापर यांच्या निकषांवर खाण कायद्यातील बऱ्याच तरतुदींतून सूट होती. माणदेशातील बंधाऱ्यावर किंवा वाळव्यातील शेतात चालणाऱ्या जेसीबीवर माणसे असतात दोन. पूर्वी जे काम पन्नास मजूर करीत, ते आता एक यंत्र करते. पण कायदा माणसे मोजत राहिला. यंत्राने माणसे कमी केली आणि त्याबरोबर कायद्याचे संरक्षणही कमी झाले, असा हा विरोधाभास आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या. कारखाने, खाणी आणि बांधकाम यांविषयीचे जुने कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामकाजाची स्थिती संहिता, २०२० मध्ये सामावले गेले. दहा कामगारांचा सर्वसाधारण उंबरठा तेथेही आहे. मात्र, जोखमीच्या कामाच्या बाबतीत एकच कामगार असलेल्या आस्थापनेलाही संहिता लागू करण्याचा मार्ग सरकारसाठी खुला ठेवण्यात आला आहे. कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूदही महत्त्वाची आहे. तोंडी शब्दावर कामाला लागलेल्या ऑपरेटरच्या आणि हेल्परच्या हाती असे पत्र असेल, तर अपघातानंतर ‘तो आमचा कामगारच नव्हता’ ही सबब सहज चालणार नाही. भाड्याने चालणाऱ्या अवजड यंत्रांना जोखमीचे काम मानून या तरतुदीचा लाभ द्यायचा की नाही, हा निर्णय आता सरकारच्या हाती आहे.

प्रमाणपत्र आहे, मागणारा नाही

प्रशिक्षणाची सोयच नाही, असे मात्र नाही. यंत्र-उत्पादकांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल’ने बॅकहो लोडर, उत्खनक, क्रेन आदी यंत्रांच्या चालकांसाठी राष्ट्रीय कौशल्य चौकटीत अभ्यासक्रम ठरवून दिले आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून काम येणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या कौशल्याला मान्यता देण्याची, ‘आरपीएल’ या नावाने ओळखली जाणारी पद्धतही आहे. वर्षानुवर्षे यंत्रावर बसलेल्या चालकाला पुन्हा पहिलीपासून शिकावे लागू नये, हा तिचा हेतू.

तरीही हे प्रमाणपत्र घेण्याकडे ओढा नाही, कारण ते कोणी मागत नाही. मालक विचारतो, ‘तासाला किती काम काढतोस?’ काम देणारा विचारतो, ‘तासाला दर काय?’ प्रमाणपत्र असलेल्या आणि नसलेल्या चालकाच्या पगारात फरक पडत नसेल, तर चार दिवसांची रोजी बुडवून परीक्षेला कोण बसणार? उलट, याच पट्ट्यातील चालक आखाती देशांत मोठ्या प्रकल्पांवर जायचे म्हटले, की त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्राची तजवीज करू लागतो. तेथे ते दाखविल्याशिवाय प्रवेशच मिळत नाही.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये २००३ पासून यंत्रचालकांसाठी कार्डाची पद्धत आहे. लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर प्रथम दोन वर्षांचे लाल कार्ड आणि प्रत्यक्ष कामातील कौशल्य सिद्ध झाल्यावर पाच वर्षांचे निळे कार्ड दिले जाते. अमेरिकेत बांधकामावरील क्रेनचालकांना प्रमाणपत्र बंधनकारक करणारा नियम २०१० मध्ये झाला. पण अनेकदा मुदतवाढ मिळून तो पूर्णपणे अमलात यायला नोव्हेंबर २०१८ उजाडले. ब्रिटनमधील कार्ड मुख्यतः मोठ्या बांधकाम कंपन्यांनी ते मागायला सुरुवात केल्यामुळे रुजले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

बकेटमधील गुलाल

यंत्राविषयीचा बेफिकीर दृष्टिकोन केवळ कामापुरता नाही. निवडणुकीचा निकाल लागला, की पश्चिम महाराष्ट्रात जेसीबीच्या बकेटमध्ये कार्यकर्ते उभे राहतात आणि खालच्या गर्दीवर गुलाल, फुले उधळली जातात. माती उचलण्यासाठी बनविलेल्या बकेटमध्ये माणूस उभा करणे हा मूलभूत सुरक्षा नियमाचा भंग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निकालाच्या दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातील महागाव येथे, विजयी उमेदवाराच्या मिरवणुकीत यंत्राने उधळलेला गुलाल ओवाळणीच्या ताटांवर पडून भडका उडाला. त्यात स्वतः विजयी उमेदवारासह काही जण भाजले. त्यानंतरही ही प्रथा थांबलेली नाही. मिरवणुकीत यंत्र चालविणाऱ्याने नकार द्यायचा तर कोणाच्या बळावर? प्रशिक्षण नकार देण्याचे कारण शिकविते. प्रमाणपत्र गमावण्याची भीती त्या नकाराला आधार देते.

पावसाळा ही संधी

या प्रश्नाची उकल मुंबई-दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहताही सुरू करता येण्याजोगी आहे. या दोन जिल्ह्यांत यंत्रांना सर्वाधिक काम देणारे कोण, हे पाहिले तर जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती, नगरपालिका, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका आणि साखर कारखाने हीच नावे पुढे येतात. ऊसतोडणी यंत्रांसाठी राज्याने २०२३ मध्ये ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये अनुदानाची योजना आणली. यंत्र खरेदीला सार्वजनिक पैसा मिळत असेल, तर ते चालविणाऱ्याच्या प्रशिक्षणाची अट त्यासोबत घालणे अवघड नाही. निविदेत आणि भाडेकरारात ‘प्रमाणित चालक’ ही एक ओळ आली, तरी चित्र बदलू लागेल.

वेळेचाही प्रश्न नाही. जून ते सप्टेंबर या काळात मातीकाम मंदावते आणि अनेक यंत्रे उभी असतात. सातारा, कऱ्हाड, मिरज येथे या महिन्यांत परीक्षा शिबिरे भरविली, तर चालकाची रोजी बुडणार नाही आणि मालकाचे यंत्रही अडणार नाही.

यात अडथळे आहेत, हे नाकारता येत नाही. एका यंत्रावर कर्जाचा हप्ता भरणाऱ्या मालकाला वाढीव खर्चाची धास्ती आहे. प्रमाणपत्र मिळालेला चालक जास्त पगार मागेल किंवा दुसरीकडे जाईल, ही भीतीही खोटी नाही. सर्वांत मोठा धोका आहे तो प्रमाणपत्राचाच बाजार होण्याचा. एजंटाकडून घरपोच मिळणारा आणखी एक कागद, एवढेच त्याचे स्वरूप उरले तर न घेतलेले बरे. म्हणूनच परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावर, उतारावर आणि चराच्या काठावर व्हायला हवी. ती मराठीत आणि परप्रांतीय चालकांसाठी हिंदीत, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही देता येईल अशी तोंडी स्वरूपात असायला हवी. आणि चालकाबरोबर हेल्परलाही त्यात जागा हवी.

सरकारी कामाचा फलक लावताना त्यावर कामाची किंमत, ठेकेदाराचे नाव आणि मुदत लिहिली जाते. तेथे उभ्या असलेल्या यंत्राच्या चालकाने परीक्षा दिली आहे काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. येत्या पावसाळ्यात यंत्रे उभी राहतील आणि दसऱ्यानंतर ती पुन्हा माळावर, कालव्यावर, महामार्गावर उतरतील. मधल्या चार महिन्यांत किती चालक आणि हेल्पर परीक्षेला बसविले जातात, यावरच या दोन जिल्ह्यांतील प्रशासनाचे आणि कारखानदारीचे या प्रश्नाबाबतचे गांभीर्य ठरणार आहे.